फरकवाले सर

परवा दुपारी एक बाई नातीचा हात धरून माझ्या दारात उभी राहिली. "आंटीजी, फरकवाले सर यहीं रहते हैं ना?" मी सांगितलं, बाजूच्या घरात राहायचे, मागच्या हिवाळ्यात वारले. बाईनं नातीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "मुझे भी उन्होंने ही पढ़ाया था," आणि नातीला घेऊन आल्या वाटेनं परत गेली. पाणी पिऊन जा म्हणायचंही मला सुचलं नाही.

तेव्हापासून सर डोक्यातून जात नाहीत. म्हटलं, लिहून काढावं. मी तुमसरची, सातवीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन मध्य प्रदेशात, बालाघाटात आले. पुढचं जे काही शिकले ते त्या एका भिंतीपलीकडून. आमच्या आणि सरांच्या व्हरांड्यात कमरेएवढी भिंत होती. अलीकडे मी तांदूळ निवडायची, पलीकडे सरांची शिकवणी चालायची. कान तर काही कोणी झाकून घेत नाही.

नाव त्यांचं अंबादास मोहरील. सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायचे. पण स्टेशनवर ऑटोवाल्याला मोहरील सर म्हटलं तर तो डोकं खाजवायचा, आणि 'फरकवाले सर' म्हटलं की लगेच, "अरे वो, बैठो." कारण सर सगळ्या इंग्रजीतलं एकच शिकवायचे म्हणा ना, सारखे दिसणारे दोन शब्द आणि त्यांच्यातला फरक. बाकी सगळं पुस्तकात असते, म्हणायचे, हे नसते.

आणि शिकवायची रीत तर अशी की कोणाला सांगितली तर हसेल. पोरांनी येताना वही आणली नाही तरी चालायचं, पण घरून दोन सारख्या वस्तू आणायच्याच. त्या खिडकीच्या कट्ट्यावर मांडायच्या, त्यांतला फरक आधी मराठीत नाहीतर हिंदीत सांगायचा, आणि मग सर इंग्रजीची जोडी काढणार. कोणी कडुनिंबाचा आणि बकाणाचा पाला आणायचा, कोणी आईच्या दोन बांगड्या, एक काचेची, एक प्लास्टिकची. आमच्याकडचा तांदूळ तर सरांचा फार आवडता. भिंतीवरून हात पुढे यायचा, "वहिनी, दोन मुठी द्या बरं. एक चिन्नोर, एक मिलचा बारीक." ताटलीत दोन ढीग करून पोरांना विचारायचे, यातला चिन्नोर कोणता? पोरं बोट दाखवायची, अर्धी चुकायची. मग सर म्हणायचे, "पाहून नाही कळत ना? शिजवल्यावर वासानं घरभर कळते. शब्दाचं बी तसंच आहे. वाक्यात शिजवून पाहा."

शिजवून पाहा, हे त्यांचं नेहमीचं. कोणत्याही गोष्टीला. आमचा जावई कसा वाटतो विचारलं तरी, "अजून शिजला नाही, वहिनी."

एकदा ममता टेंभरे नावाची पोरगी, तेव्हा नववीत असेल, वस्तू आणायला विसरली. रस्त्यातून परत गेली आणि घरी पाहुण्या आलेल्या आपल्या दोन जुळ्या मावश्यांनाच घेऊन आली. दोघी वारासिवनीकडच्या, सारखी लुगडी, सारखं कुंकू, सारख्याच घामानं भिजलेल्या. ममता म्हणाली, "सर, सामान नाही भेटलं, या चालतीन का?" मला वाटलं आता पोरगी मार खाते. सरांनी दोन खुर्च्या मागवल्या, सुमनताईंना, म्हणजे बायकोला, चहा ठेवायला सांगितला, आणि मावश्यांना हात जोडून म्हणाले, "आपण दोघी बसा, पोरं पाहतीन." पोरं पाहायला लागली. दोन मिनिटांत एक मावशी म्हणाली मी मोठी, दुसरी म्हणाली मोठी मी, ही मागून आली आणि माझं दूध पेली. भांडण असं पेटलं की चहा तसाच थंड झाला. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'सेम' आणि 'सिमिलर'. म्हणाले, "पोरांनो, भांडता येते तोवर सिमिलर. सेम असते तर भांडण कोणाशी करतीन?"

सुमनताईंची आणि त्यांची जुगलबंदी ऐकायला मी मुद्दाम तांदूळ हळू निवडायची. सर एकदा शिकवत होते, मागच्या राइस मिलचा आवाज तो कंटिन्युअस, मध्ये खंडच नाही, आणि थांबून थांबून पुन्हा सुरू होते ते कंटिन्युअल, "जसं तुमच्या काकूचं बोलणं." आतून लगेच उत्तर आलं, "कंटिन्युअल माणसाच्या हातचा भात कंटिन्युअस खाता तुम्ही, तो बी सांगा पोरांले." सर पोरांना म्हणाले, "प्रयोग बरोबर आहे. लिहून घ्या."

मराठीतही सोडायचे नाहीत. मी म्हटलं, आज उपाशी आहे, की लगेच, "उपास आहे की भूक लागली आहे?" मी कधी चिडायची. म्हणायची, "काय फरक पडते सर, पोट तर रिकामंच ना." ते म्हणायचे, "फरक पडते. एकात तुम्ही मालक, दुसऱ्यात पोट मालक."

त्यांचा एकच मुलगा, नितीन. मलाजखंडला खाणीत एका ठेकेदाराकडे सर्व्हेचं काम करायचा. उंच, बापासारखा बोलका नाही, हसला तरी मान खाली. दर पंधरवड्याला मोटरसायकलनं घरी यायचा. अश्विनीशी लग्न झालं तेव्हा मांडव आमच्या दोन्ही अंगणांत मिळून पडला होता. लग्नाला वर्ष झालं असेल नसेल. एका पावसाळ्यात तो मलाजखंडहून निघाला. अश्विनीला फोन केला, भजी कर म्हणाला. बैहरच्या घाटाकडच्या एका चहाच्या टपरीपाशी त्याची मोटरसायकल सापडली, स्टँडवर नीट लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. तो नाही. टपरीवाला म्हणाला, चहा प्यायला आणि पाऊस थांबला का पाहतो म्हणून बाहेर गेला.

बस, एवढंच. यापुढे कोणालाच काही कळलं नाही, आजपर्यंत. पोलीस फिरले, जंगलवाले फिरले, नाले धुंडाळले, वैनगंगेच्या काठाकाठानं माणसं गेली. गावोगावी पत्रकं लावली. लोक काय काय बोलले ते मी लिहीत नाही. बोलणाऱ्यांच्या घरचं कोणी गेलं नव्हतं.

सरांनी शिकवणी बंद केली नाही. आम्हाला वाटलं होतं करतील. उलट जास्त मुलं घेतली. अश्विनीला माहेरी न्यायला तिचे वडील आले होते, ती गेली नाही. म्हणाली, तो आला तर इथंच येईल ना. सरांनी तिला इंग्रजी पक्कं करायला लावलं, पुढे एका खाजगी शाळेत ती शिकवायला लागली. सकाळी सासू डबा भरायची, सासरा गेटपर्यंत सोडायचा.

त्या काळातली एक दुपार मी विसरत नाही. नवीन आलेली एक मुलगी होती, खैरलांजीकडची, इथं मामाकडे राहायची. तिला सरांच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. तिनं साधंच विचारलं, "सर, लॉस्ट और मिसिंग में क्या फ़र्क है?" बाकीच्या पोरांनी वह्यांत डोकी घातली. मी सूप खाली ठेवलं. सर थोडा वेळ खिडकीच्या कट्ट्यावरून हात फिरवत राहिले. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "लॉस्ट हा ज्याच्या हातून गेलं त्याचा शब्द आहे, बेटा. मिसिंग हा जागेचा शब्द आहे. जिथं असायला पाहिजे तिथं नाही. म्हणजे जागा अजून त्याचीच आहे." मुलीनं लिहून घेतलं. सर आत गेले आणि त्या दिवशी परत बाहेर आले नाहीत. पोरं आपापली चप्पल घालून आवाज न करता निघून गेली.

त्या जागेवर सर बसून राहिले, असं म्हटलं तरी चालेल. कोणी बोलता बोलता 'नितीन होता तेव्हा' म्हणालं की सर म्हणायचे, "होता नाही. आहे. कुठं आहे ते माहीत नाही." कोणी चिठ्ठीपत्रिकेवर अश्विनीच्या नावाआधी श्रीमती लिहिलं तर सौभाग्यवती करून घ्यायचे. माझे यजमान एकदा म्हणाले, "सर, आशा किती दिवस धरायची?" तर सर म्हणाले, "एक्स्पेक्ट आणि होप वेगळे आहेत. एक्स्पेक्ट करायले टाइमटेबल लागते. माझ्यापाशी टाइमटेबल नाही, हे मले समजते. पण होपले टाइमटेबल कोणी मागत नाही." यजमान घरी येऊन म्हणाले, या माणसाशी बोलता येत नाही, तो बरोबर बोलतो.

वर्षं गेली. अश्विनीच्या शाळेत गणिताचा एक मास्तर होता, लांजीचा, प्रकाश नावाचा. शांत माणूस. तिला सोडायला कधी गेटपर्यंत यायचा, आत यायचा नाही. सुमनताईंच्या आधी माझ्या लक्षात आलं, आणि माझ्या आधी सरांच्या. एक दिवस सुमनताईंनीच त्याला आत बोलावलं, पोहे दिले, घरदार विचारलं. तो गेल्यावर भिंतीपाशी येऊन मला म्हणाल्या, "रत्नाताई, पोरगं चांगलं आहे वो. आणि माझी पोरगी अजून तिशीत बी नाही." माझी सून नाही, माझी पोरगी म्हणाल्या.

पण लग्न लागणार कसं? कागदावर अश्विनी नितीनची बायको. ममता टेंभरे, तीच मावश्या आणणारी, आता बालाघाटच्या कोर्टात वकील झाली होती. तिला घरी बोलावलं. मीही होते, सुमनताईंनी बसवून घेतलं. ममता म्हणाली, "सोपा रस्ता घटस्फोटाचा आहे. नवरा टाकून गेला, असा दावा लावू. डेझर्शन."

सर काही बोलायच्या आत अश्विनीच बोलली. "नाही मॅडम. ते मले टाकून नाही गेले. भजी करून ठेव म्हणाले होते. टाकून जाणारा माणूस भजी कर म्हणत नाही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत इतक्या पोरांना त्यांनी शिकवलं, पण असं त्यांनी कोणाकडे पाहिलेलं मी पाहिलं नाही.

मग दुसरा रस्ता एकच उरत होता. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो वारला असं कोर्टानं मानावं, असा दावा. ममता समजावून सांगत होती की दावा अश्विनी करेल आणि त्यात सामनेवाले म्हणून सासू-सासऱ्यांचं नाव लागेल, आणि बापानं कठड्यात उभं राहून साक्ष द्यावी लागेल, बापाच्या साक्षीला वजन असते. सर उठले. "बापानं काय म्हणायचं तिथं?" ममता म्हणाली, "हेच सर, की नितीनदादा आता नाहीत." सर आत गेले आणि दार लोटून घेतलं.

तो सगळा उन्हाळा त्या घरात एकच गोष्ट चालली होती, पण बोलत कोणी नव्हतं. प्रकाशच्या घरचे घाई करत होते, त्याला दुसरं स्थळ सांगून आलं होतं. अश्विनी सरांना एका शब्दानं काही म्हणाली नाही. नेहमीसारखा त्यांचा चहा बशीत ओतून द्यायची, चष्मा पुसून द्यायची. हेच सरांना सोसत नव्हतं, मला वाटते. भांडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी भांडल्या त्या सुमनताई. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात, भर दुपारी. "तुमचा शब्द मोठा की पोरगी मोठी, एकदा सांगून टाका."

"शब्द नाही तो, सुमन. नितीन आहे."

"मी नाही का त्याची आई? मले काय आनंद होऊन राह्यला का? पण तो असन तर त्याले बी समजन. आणि नसन तर..." भांडं घासल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ, एकच भांडं.

दोन दिवसांनी ममता आली. हुशार पोरगी, सरांचीच विद्यार्थिनी. म्हणाली, "सर, कायदा मेला म्हणत नाही. कायद्याचा शब्द प्रिझ्यूम आहे. तुम्हीच शिकवलं होतं. अझ्यूम म्हणजे आधाराशिवाय धरून चालणं, आणि प्रिझ्यूम म्हणजे आधार आहे म्हणून मानणं, उलट सिद्ध होईपर्यंत. तुम्ही तेवढंच म्हणा. खोटं होत नाही."

सरांचा चेहरा खुलला. खरंच, कितीतरी दिवसांनी. "उलट सिद्ध होईपर्यंत," ते म्हणाले. "हौ. हे चालन. हे बरोबर आहे." त्या संध्याकाळी त्यांनी एक वाक्य तयार केलं, हिंदीत, मध्ये तो इंग्रजी शब्द ठेवून. 'उपलब्ध परिस्थितियों में मैं प्रिझ्यूम करता हूँ कि...' व्हरांड्यात फेऱ्या मारत ते घोळवत होते. भिंतीवरून मला विचारलं, "वहिनी, 'परिस्थितियों में' की 'परिस्थितियों के आधार पर'?" मी म्हटलं, "मले काय विचारता सर, मी सातवी पास." ते म्हणाले, "कानाले सर्टिफिकेट लागत नाही. कोणतं बरं वाटते?" मी दुसरं सांगितलं.

तारखेला आम्ही सगळे एकाच ऑटोत बसून कोर्टात गेलो. वादी अश्विनी, प्रतिवादी तिचे सासू-सासरे, आणि शेजारीण म्हणून साक्षीला मी. अश्विनीच्या मांडीवर डबा होता, चौघांचा. आत शिपायानं सांगितलं, दोन्ही पार्टी वेगवेगळ्या बाजूला बसा. अश्विनी सरांना धरून बसवत होती, गुडघा दुखायचा त्यांचा. शिपाई म्हणाला, "अरे ये तो आपके ख़िलाफ़ हैं ना?" सर म्हणाले, "सामने हैं, ख़िलाफ़ नहीं हैं. फ़र्क है." शिपाई त्यांच्याकडे पाहत राहिला आणि मग त्यानंच सरांसाठी पंख्याखालची खुर्ची ओढली.

माझी साक्ष आधी झाली. विचारलं, नितीनबद्दल काही ऐकलं का, कोणाकडून तरी? मी म्हटलं, "नहीं सुना, मैडम." कठड्यातून उतरले आणि अश्विनीजवळ जाऊन बसले. एवढंच तर बोलायचं होतं.

मग सर. शर्टाला इस्त्री, वरची गुंडी लावलेली. ममतानं विचारलं, नाव, वय, नितीन कोण. मग विचारलं तेच, मुलाबद्दल त्यांचं म्हणणं काय. सरांनी सुरुवात केली, "उपलब्ध परिस्थितियों के आधार पर मैं..." आणि थांबले. न्यायाधीश बाई तरुण होत्या, त्यांनी वाट पाहिली. टाइप करणाऱ्याचे हात वर थांबले. सर समोर पाहत होते. समोर अश्विनी होती, मांडीवर डबा, दोन्ही हात त्या डब्याच्या कडीवर. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. खाली पाहत होती, जसं एखाद्याला कपडे बदलताना पाहू नये म्हणून माणूस खाली पाहते.

सर म्हणाले, "मेरा बेटा मर गया है."

ममता गडबडली. "सर, म्हणजे आपल्याला असं मानायचं आहे की..."

"नाही. मर गया, ऐसा लिखिए." मग टाइप करणाऱ्याकडे वळून, शाळेत फळ्यापाशी उभे राहायचे तसे, एकेक शब्द सुटा करून इंग्रजीतून सांगितलं, "माय सन इज डेड." आणि कठड्याची कड धरून हळूहळू खाली उतरले.

बाहेर पिंपळाखाली ममता रडकुंडीला आली होती. "सर, तेवढं म्हणायची गरज नव्हती. प्रिझ्यूमनं काम झालं असतं."

सर म्हणाले, "कायद्याचं झालं असतं. त्या शब्दात दार उघडं राह्यते, ममता. मी म्हातारा माणूस, मी बसीन दारात. तिनं काहून बसावं?" मग अश्विनीला म्हणाले, "डबा काढ वो. भूक लागली सगळ्यांले." डबा उघडला. कोणी जेवलं नाही, पण सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं, एकमेकांना दाखवायला.

निकाल आला. प्रकाशच्या घरच्यांनी तारीख काढली. आता सुमनताईंचं म्हणणं पडलं की लग्नाच्या आधी नितीनचं क्रियाकर्म करून टाकावं, पोरीच्या मनात काही राहू नये. देह नसला तर पळसाच्या देठांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, ती रीत आमच्याकडे जुनी आहे, पण माझ्या जन्मात मी पहिल्यांदा पाहिली. बायकांनी जायचं नसते. सुमनताई म्हणाल्या, "जिथं देहच नाही तिथं कायची मनाई?" भटजी पुढे चालू लागले. म्हणून वैनगंगेच्या घाटावर सुमनताई, अश्विनी आणि मी पायऱ्यांवर बसलो, आणि खाली वाळूत सर आणि भटजी.

भटजींनी देठ मांडायला घेतले. पाय, हात, छाती, डोक्याच्या जागी नारळ. सर उकिडवे बसून पाहत होते. मग हळू म्हणाले, "थोडा लांब करा, भटजी. तो माझ्याहून उंच होता."

होता म्हणाले. सुमनताईंनी माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

भटजींनी आणखी देठ लावून पाय वाढवले. सरांनी मान हलवली. अग्नी दिला. पळस सुका होता, लगेच पेटला, आणि बघता बघता खाली बसला. एवढ्या उंच पोराला जळायला किती थोडा वेळ लागला. सर नदीत उतरले, बुडी घेतली, ओल्या अंगानं काठावर आले.

यानंतर सर काही वर्षं जगले. अश्विनीचं कन्यादान त्यांनी आणि सुमनताईंनीच केलं, तिची मुलगी त्यांना आजोबा म्हणायची, शिकवणी तशीच भरायची. मी रोज पाहत होते त्यांना. तरी डोळे मिटले की मला सर दिसतात ते त्या घाटावरचेच.

आम्ही बायका उठून ऑटोकडे निघालो होतो. अश्विनी सुमनताईंना धरून वरच्या पायऱ्यांवर पोचली होती. माझ्या हातात सरांचे कोरडे कपडे होते, ते द्यायला मी वळून परत उतरले. खाली भटजी भांडी पोत्यात भरत होते आणि सर त्यांच्याजवळ उभे होते, जरा वाकून, आवाज अगदी खाली.

"भटजी, एक विचारू का? समजा असा माणूस नंतर परत आला, तर काय करतात?"

भटजींनी हात थांबवले. म्हातारे होते तेही. म्हणाले, "शास्त्रात आहे ना. तुपानं न्हाऊ घालायचं, पुन्हा जन्मला असं समजून सगळे संस्कार करायचे. जातकर्म, बारसं, मग लग्न बी पुन्हा..." ते बोलता बोलता अश्विनीकडे पाहून थांबले. ती वर ऑटोपाशी पाठमोरी उभी होती.

"लग्नाचं राहू द्या," सर म्हणाले. "ते झालं. बारशाचं सांगा. नाव तेच ठेवता येते ना?"

"हौ सर," भटजी म्हणाले. "तेच ठेवता येते."

सरांनी मान हलवली. मग मी पुढे केलेले कपडे घेतले आणि अंगावरच्या धोतराचं पाणी पिळत सर पायऱ्या चढायला लागले.